खोटी नोट गल्ल्यात जायच्या आधी पकडायची असते

पतसंस्थेच्या कॅश काउंटरला बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे नातेवाईक असोत नाहीतर सोसायटीतले लोक असोत, कुणाला जरा शंका आली की नोट माझ्याकडे येते. "बघ गं, खरी आहे का ही?" आणि बहुतेक वेळा ती नोट त्यांच्याकडे येऊन दोन-तीन दिवस झालेले असतात, कुणी दिली ते आठवत नसतं आणि मग मी खरी म्हणा नाहीतर खोटी म्हणा, खोटी असेल तर पैसे गेलेलेच असतात. म्हणून हे लिहितेय. खोटी नोट ओळखायची वेळ एकच असते, देणारा समोर उभा असतो आणि नोट तुमच्या हातात असते पण गल्ल्यात गेलेली नसते तेव्हा. त्यानंतर ओळखून मनस्तापाशिवाय काही हाती लागत नाही.

का लागत नाही ते आधी सांगते, कारण खूप जणांना वाटतं बँकेत नेली की बदलून मिळेल. नाही मिळत. बँकेत भरण्यामध्ये खोटी नोट सापडली की रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कॅशियरने तिच्यावर 'काउंटरफीट नोट' असा शिक्का मारायचा, नोट जप्त करायची आणि तुम्हाला त्याची पावती द्यायची. नोट तुम्हाला परत देता येत नाही, फाडून टाकता येत नाही आणि तिचे पैसे खात्यात जमा होत नाहीत. कॅशियर ओळखीचा असला तरी तो "जाऊदे, घेऊन जा परत" म्हणू शकत नाही, तसं केलं तर बँकच त्यात सामील आहे असं धरलं जातं. एका भरण्यात चारपर्यंत खोट्या नोटा निघाल्या तर बँक महिन्याच्या शेवटी पोलिसांना एकत्र रिपोर्ट पाठवते, पाच किंवा जास्त निघाल्या तर मात्र एफआयआर होतो. त्यामुळे भाजीवाल्या मावशींच्या दिवसभराच्या कमाईत एक ५०० ची खोटी आली तर त्या दिवसाचा नफा तिथेच संपला, आणि पिग्मी एजंटने, म्हणजे रोज दारोदार जाऊन लोकांची छोटी बचत गोळा करणाऱ्याने, गोळा केलेल्या कलेक्शनमध्ये आली तर ती बहुतेक ठिकाणी त्याच्या खिशातून जाते. मला या विषयाचा एवढा जीव तुटतो तो याचसाठी, की नोट छापणारा कुठेतरी लांब असतो आणि भुर्दंड पडतो तो ज्याला ५०० रुपये खरंच मोठे आहेत त्याला.

आणि ५०० च्या बाबतीत हे कमी झालेलं नाही. रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालात दरवर्षी आकडे येतात, २०२३-२४ मध्ये बँकिंग सिस्टीममध्ये ५०० च्या ८५,७११ खोट्या नोटा पकडल्या गेल्या होत्या, २०२४-२५ मध्ये तोच आकडा १,१७,७२२ झाला. यात पोलिसांनी धाड टाकून पकडलेल्या नोटा धरलेल्या नाहीत, हे फक्त बँकांपर्यंत पोचलेल्यांचं झालं. २००० ची नोट मे २०२३ मध्ये चलनातून मागे घ्यायला सुरुवात झाल्यापासून सगळा मोठा व्यवहार ५०० वर आलाय, म्हणून मी पण इथे मुख्य करून ५०० चंच सांगणार आहे, म्हणजे राखाडी रंगाची, मागे लाल किल्ला असलेली, नोव्हेंबर २०१६ पासून आलेली.

आता ओळखायची कशी. नवीन मुलं काउंटरला येतात तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो की मॅडम खोट्या नोटेत काय काय चुका असतात ते सांगा. मी सांगते की खोट्या नोटा शंभर प्रकारच्या असतात, प्रत्येकाची चूक वेगळी, ते पाठ करून उपयोग नाही. खरी नोट एकच प्रकारची असते, ती पाठ करा. रिकाम्या वेळी एक चांगली करकरीत ५०० ची घेऊन बसा, डोळे मिटून तिच्यावरून बोटं फिरवा, तिरकी करून बघा, ट्यूबलाइटसमोर धरा. हे काही दिवस केलं की मग हातात वेगळी नोट आली तर काय चुकलंय ते लगेच सांगता येत नाही पण काहीतरी चुकलंय हे बोटांना कळतं, आणि काउंटरवर तेवढं पुरतं, कारण तेवढ्यावर तुम्ही थांबून नीट बघता.

हात लावणं हे सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या नोटेचा कागद कापसाचा असतो, झाडाच्या लगद्याचा नाही, म्हणून तो चिवट असतो आणि हाताळल्यावर त्याचा एक वेगळा करकर आवाज येतो. साध्या कागदावर छापलेली नोट एकतर लिबलिबीत लागते नाहीतर उगाच गुळगुळीत. त्यातही महत्त्वाची गोष्ट म्हणजे उठाव. गांधीजींचं चित्र, उजवीकडचा अशोक स्तंभ, त्याच बाजूला असलेली गोल खूण आणि दोन्ही कडांना असलेल्या पाच तिरक्या रेषा, हे सगळं नोटेच्या पृष्ठभागापेक्षा वर आलेलं असतं, नख किंवा बोटाचं टोक हलकंच फिरवलं की खरखर लागते. ही छपाई करताना कोरलेल्या प्लेटमधली घट्ट शाई प्रचंड दाबाने कागदावर उचलली जाते, घरातला किंवा झेरॉक्सच्या दुकानातला प्रिंटर तशा मशीनच्या जवळपास पण येत नाही. आपल्याकडे नाशिकला करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापतात, त्याशिवाय देवास, म्हैसूर आणि सालबोनीला प्रेस आहेत, चौघांकडून आलेल्या नोटेला हा उठाव सारखाच असतो.

कडेच्या रेषा मुळात दृष्टिहीन लोकांसाठी आहेत. ५०० ला पाच, २०० ला चार आणि त्यांच्या मधे दोन गोल, १०० ला चार. सोबत खूणही वेगळी, ५०० ला गोल, १०० ला त्रिकोण. आमच्याकडे एक दृष्टिहीन खातेदार येतात, ते नोट ज्या शांतपणे दोन बोटांत फिरवून बघतात तसं डोळस माणसांनी केलं तर निम्म्या खोट्या नोटा काउंटरवरच थांबतील असं माझं ठाम मत आहे. इथेच एक सांगते, रिझर्व्ह बँकेचं 'मनी' नावाचं ॲप आहे, जानेवारी २०२० मध्ये आलं, त्याच्यासमोर नोट धरली की किती रुपयांची आहे ते बोलून सांगतं. खूप लोकांना वाटतं ते खरी-खोटी पण सांगतं. तसं नाहीये, ते फक्त किंमत सांगतं, खोटी नोट असली तरी ते बिनदिक्कत पाचशे म्हणू शकतं. त्याच्यावर विसंबून कृपया कुणी नोट घेऊ नका.

अर्थात नोट खूप वापरलेली असेल, मळकी झाली असेल तर उठाव घासला जातो, पावसात भिजून वाळलेली नोट पण मऊ पडते. म्हणून नुसत्या स्पर्शावर खोटी म्हणायचं नाही, मग पुढचं करायचं, नोट तिरकी करायची. मधे गांधीजींच्या बाजूने जी उभी हिरवी तार जाते, ज्याच्यावर 'भारत' आणि इंग्रजीत 'आरबीआय' असं लिहिलेलं असतं, ती नोट हलवली की हिरव्याची निळी दिसते. तसंच खाली उजवीकडे रुपयाच्या चिन्हासकट जो ५०० आकडा आहे तो पण हिरव्याचा निळा होतो. खोट्या नोटेत बऱ्याचदा तिथे हिरवी चकचकीत पट्टी चिकटवलेली असते किंवा हिरवी शाई, ती चमकते पण रंग बदलत नाही. चमकणं आणि रंग बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घाईत माणूस नेमका यातच फसतो, काहीतरी चमकलं की मन म्हणतं झालं, खरी आहे. रंग बदललाच पाहिजे, आणि तो दोन्ही ठिकाणी बदलला पाहिजे, तारेत पण आणि आकड्यात पण.

तिसरं उजेडासमोर धरणं. उजवीकडच्या कोऱ्या जागेत गांधीजींचा चेहरा आणि ५०० हा आकडा वॉटरमार्कमध्ये दिसतो. हा वॉटरमार्क छापलेला नसतो, कागद तयार होतानाच कुठे जाड कुठे पातळ ठेवून तो आत बनवलेला असतो, म्हणून चेहऱ्यावर सावलीसारख्या मऊ छटा दिसतात. खोट्यात तो वरून फिकट शाईने काढलेला असतो, त्याच्या कडा पेन्सिलीने गिरवल्यासारख्या ठळक असतात आणि मुख्य म्हणजे नोट टेबलावर सपाट ठेवली तरी तो दिसतो. खरा वॉटरमार्क टेबलावर जवळजवळ दिसतच नाही. काही खोट्या नोटा दोन पातळ कागद चिकटवून मधे चित्र आणि तार घालून बनवलेल्या असतात, अशा नोटेच्या कोपऱ्याला नख लावलं तर थर सुटायला लागतात. तारेचं पण उजेडात कळतं, खऱ्या नोटेची तार समोरून तुकड्यातुकड्यात वर येते, काही भाग कागदाच्या आत काही बाहेर, पण उजेडासमोर धरली की सलग एक रेघ दिसते. आणि डावीकडे जो अर्धवट तुटक ५०० दिसतो ना, त्याचा राहिलेला भाग मागच्या बाजूला छापलेला असतो, उजेडात दोन्ही बरोबर जुळून पूर्ण आकडा तयार होतो. खोट्यात पुढची आणि मागची छपाई वेगवेगळी झालेली असते त्यामुळे तो आकडा सरकलेला दिसतो. मला स्वतःला ही खूण फार आवडते, कारण ती तपासायला भिंग नको दिवा नको.

हे तिन्ही मिळून किती वेळ लागतो? सवय झाली की नोट घेता घेता होतं, अंगठा कडेवरून जातो, मनगट जरा फिरतं, शंका आली तरच उजेडात जाते. गर्दीच्या वेळी प्रत्येक नोट उजेडात धरणं शक्य नाही हे मला पण माहितीये, पण अंगठा आणि मनगट यांना गर्दीचं कारण नसतं.

शंका असेल तर अजून दोन-चार गोष्टी बघता येतात. नंबर बघा, वर डावीकडे आणि खाली उजवीकडे असतो, सुरुवातीची तीन अक्षरं-अंक एका मापाची आणि पुढचे अंक लहानापासून मोठे होत जातात. दोन्हीकडचा नंबर एकच हवा. एकाच माणसाने तीन-चार नोटा दिल्या असतील तर त्यांचे नंबर एकमेकांशी ताडून बघा, खोट्या नोटा बनवणारे प्रत्येक नोटेला वेगळा नंबर घालायचे कष्ट अनेकदा घेत नाहीत, एकाच नंबरच्या दोन नोटा सापडल्या तर पुढे काही बघायची गरजच नाही. मोबाईलचा कॅमेरा झूम करून बारीक अक्षरं बघा, 'भारत' आणि 'इंडिया' असं अगदी बारीक लिहिलेलं असतं, खऱ्या नोटेत झूम केल्यावर अक्षरं अजून स्पष्ट होतात, खोट्यात तिथे नुसता डागांचा गोळा किंवा रंगीत ठिपके दिसतात. नोटेचं माप १५० बाय ६६ मिलीमीटर, म्हणजे खात्रीच्या नोटेवर ठेवून चारही कडा जुळतात का बघितलं तरी पुष्कळ कळतं.

निळ्या दिव्याचं म्हणजे यूव्ही लाइटचं थोडं नीट समजून घ्या, कारण तो आता स्वस्त झालाय आणि खूप दुकानांत असतो. त्या दिव्याखाली नंबर चमकतो आणि कागदात विखुरलेले बारीक रंगीत धागे दिसतात, पण नोटेचा कागद स्वतः मंद राहतो. साधा प्रिंटरचा कागद मात्र निळसर पांढरा झगमगतो कारण त्यात कागद पांढरा दिसावा म्हणून केमिकल घातलेलं असतं. आता गंमत बघा, तेच केमिकल कपडे धुवायच्या पावडरीत पण असतं. शर्टाच्या खिशात राहून धुतली गेलेली खरी नोट यूव्हीखाली झगमगू शकते. म्हणून दिव्याखाली चमकली म्हणून लगेच समोरच्यावर आवाज चढवू नका, तार, आकड्याचा रंग, वॉटरमार्क हे बघा आणि मग ठरवा. नोटा मोजायच्या मशीनचं पण तेच, साधं काउंटिंग मशीन फक्त मोजतं, खोटी ओळखणारं मशीन वेगळं असतं, विकत घेताना ते विचारून घ्या आणि घेतल्यावर पण त्याच्यावर डोळे झाकून सगळं सोपवू नका.

१०० आणि २०० कडे लोक बघतच नाहीत. ५०० उजेडात धरणारा माणूस २०० न बघता गल्ल्यात टाकतो, आणि हे खोट्या नोटा चालवणाऱ्यांना पण माहिती असतं. २०० ला पण तारेचा आणि खालच्या आकड्याचा रंग हिरव्याचा निळा होतो. १०० च्या जांभळट नोटेला तार रंग बदलते, खालचा आकडा बदलत नाही, ते खोटेपणाचं लक्षण नाही. आणि १०० ची जुन्या सिरीजची नोट अजून चालते, ती वेगळी दिसते म्हणून नाकारू नका.

हे नाकारण्याचं मला मुद्दाम लिहायचं होतं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजमुळे खऱ्या नोटा परत केल्या जातात आणि त्यात पण नुकसान गरीब माणसाचंच होतं. एक मेसेज दर थोड्या दिवसांनी येतोच, की ५०० ची हिरवी तार गव्हर्नरच्या सहीजवळ असेल तर खरी आणि गांधीजींच्या जवळ असेल तर खोटी. साफ चूक आहे, सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने हे खोटं असल्याचं सांगितलंय, तार थोडी इकडे-तिकडे असलेल्या दोन्ही नोटा खऱ्या. दुसरा मेसेज नंबरमधल्या चांदणीचा. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी जी दुसरी नोट बंडलात घालतात तिच्या नंबरमध्ये चांदणी असते, बस एवढंच, जुलै २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने वेगळा खुलासा करून सांगितलं की ती इतर नोटांसारखीच चालते. फाटकी नोट, चिकटपट्टी लावलेली नोट, पेनाने काहीतरी लिहिलेली नोट, या जीर्ण किंवा खराब नोटा झाल्या, खोट्या नाहीत, आणि त्या बँकेत बदलून मिळतात. रिझर्व्ह बँकेची 'पैसा बोलता है' नावाची वेबसाइट आहे, प्रत्येक नोटेचं चित्र आणि खुणा तिथे दिल्यात, दुकानात काम करणाऱ्या मुलांना तेवढी एकदा दाखवा, फॉरवर्ड दाखवू नका.

समोरच्याशी बोलायचं कसं हा पण प्रश्न असतो, विशेषतः नवीन मुलींना, कारण गिऱ्हाईक चिडतं. माझं वाक्य ठरलेलं आहे, "दादा, ही जरा शंकेची वाटतेय, दुसरी देता का?" चोर, फसवणूक असले शब्द तोंडातून काढायचे नाहीत, कारण दहातल्या बहुतेक वेळा त्या माणसाला पण ती कुणीतरी चिकटवलेली असते आणि त्याला खरंच माहिती नसतं. पण नोट नजरेसमोर ठेवायची, आत घेऊन जायची नाही, नाहीतर "माझी नोट खरी होती, तुम्ही बदलली" असं ऐकून घ्यावं लागतं आणि ते सिद्ध करता येत नाही. पैसे घेताना सुट्टे द्यायच्या आधी तपासायचं हे पण पाळा, मोठी नोट देऊन छोटी वस्तू घेणं, मधेच ऑर्डर बदलणं, "लवकर करा, रिक्षा थांबलीये" अशी घाई करणं, घडी घातलेल्या नोटा देणं, हे सगळं तुमचा हात थांबू नये म्हणून असू शकतं. रिक्षा खरंच थांबलेली असू शकते हे मान्य, तरी अंगठा फिरवायचाच. बंडल आलं तर फक्त वरच्या आणि खालच्या नोटा बघून चालत नाही, खोटी नेहमी मधे असते.

आणि समजा आलीच तुमच्याकडे. पुढे ढकलू नका. मी हे कळकळीने सांगतेय, कारण मनात पहिला विचार तोच येतो, मला कुणीतरी दिली मी पण देतो, संध्याकाळच्या अंधारात पेट्रोल पंपावर नाहीतर बाजारात. नोट खोटी आहे हे कळल्यावर ती खरी म्हणून चालवली की तुम्ही स्वतः गुन्हेगार होता, भारतीय न्याय संहितेच्या कलम १७९ मध्ये त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, चालवण्याच्या उद्देशाने जवळ ठेवण्याला कलम १८० मध्ये सात वर्षांपर्यंत. उलट नोट तुमच्याकडे योग्य मार्गाने आली होती हे दाखवता आलं तर जवळ असणं हा गुन्हा होत नाही असं त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय, म्हणून बँकेत एक खोटी नोट निघाली म्हणून घाबरून जायचं कारण नाही. शिक्का मारून घ्या, पावती मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

एटीएममधून निघाली तर काय हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. बँकांनी १०० आणि त्यावरच्या नोटा मशीनवर तपासूनच एटीएममध्ये भरायच्या असा नियम आहे, पण तुमची नोट त्याच मशीनमधून आली हे दाखवायची वेळ आली तर पुरावा लागतो. म्हणून नोटा तिथेच उभं राहून मोजा आणि बघा, खिशात घालून घरी गेल्यावर नाही. शंका आली तर नोटेच्या दोन्ही बाजू आणि नंबर एटीएमच्या कॅमेऱ्यासमोर धरा, वॉचमन असेल तर त्याला दाखवून रजिस्टरमध्ये नंबर लिहून घ्या, स्लिप जपून ठेवा आणि ज्या बँकेचं एटीएम आहे तिच्या शाखेत त्याच दिवशी लेखी तक्रार द्या, पोच घ्या.